कंडेन्सर निरीक्षणाखाली आहे

७ मार्च १९५५, सोमवार

जोतीराम मिस्त्रींच्या कारखान्यात प्रत्येक कारागिराला एक नोंदवही असते. तारीख, ठिकाण, मोटार, काय आढळलं, काय केलं, असे पाच रकाने. आज चिमणाबाईंच्या गिरणीत जे आढळलं त्याला सहावा रकाना हवा होता. तो नाही, म्हणून ही दुसरी वही.

ही कुणी वाचणार नाही, तरी पहिल्याच पानावर माझी बाजू लिहून ठेवतो. मी कॉलेज सोडलं, कॉलेजनं मला नाही. इंटरला फिजिक्सच्या प्रोफेसरांनी फळ्यावर चूक केली, मी उभा राहून दाखवली. ते म्हणाले बसा, मी बसलो नाही. म्हणाले बाहेर जा. गेलो तो गेलोच. माझे वडील, अप्पा, हायस्कुलात संस्कृत शिकवतात. ते तेव्हापासून माझ्याशी आईमार्फत बोलतात.

मिस्त्रींकडं देखभालीची तेवीस ठिकाणं आहेत. पिठाच्या गिरण्या, दोन छापखाने, एक बेकरी, आणि मंगळवार पेठेतली चिमणाबाईंची मिरची कांडपाची गिरणी. महिन्यातून एकदा जायचं, वंगण बघायचं, पट्टा ताणायचा, आणि कंडेन्सर मोजायचा. कंडेन्सर म्हणजे मोटारीच्या पाठीवरचा पत्र्याचा डबा. बटण दाबलं की मोटारीला पहिला हिसका हा डबा देतो. ती फिरायला लागली की याचं काम संपलं. मिस्त्रींच्या भाषेत, "बसलेली म्हस उठवायला शेपूट पिळत्यात, तसं." डबा म्हातारा झाला की पीळ कमी पडतो. मोटार नुसती 'ऊं' करत उभी राहते, तापते, आणि फार वेळ राहिली तर आतली तार जळते. तार जळली की मोटार आठ दिवस कारखान्यात.

चिमणाबाईंच्या डब्यावर छापलंय शंभर. मी मोजला, भरला शहाऐंशी. मिस्त्रींचा नियम असा की नव्वदच्या खाली उतरला की वहीत खूण करायची, ऐंशीच्या आत बदलायचा. आणि हंगाम तोंडावर असेल तर ऐंशीची वाट न बघता लगेच बदलायचा.

मी पाना काढला. तेवढ्यात दारातून एक मुलगी आत आली, काखेत शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. मिरचीच्या धुरळ्यातून सरळ चालत गेली, नाकाला पदरसुद्धा न लावता. मला तोवर एकवीस शिंका आल्या होत्या. ती थांबून म्हणाली, "ओला रुमाल बांधा. आणि बोलू नका." मी बोलत नव्हतो. पण त्यानंतरही बोललो नाही.

चिमणाबाईंची भाची, विमला. कोडोलीची. मॅट्रिक होऊन इथल्या मुलींच्या शाळेत दुसरीला शिकवते, पावणेचारला घरी येते. हे सगळं मी मोटारीला तेल घालता घालता चिमणाबाईंना विचारलं. तेल जरा जास्तच झालं.

डबा बदलला असता तर पुढची फेरी थेट एप्रिलात. पाना परत पिशवीत ठेवला. पाचव्या रकान्यात लिहिलं, 'निरीक्षणाखाली ठेवला. दर चार दिवसांनी मोजणे.' शास्त्रात घाई चालत नाही.

८ मार्च

मिस्त्रींनी नोंदवही चष्म्याजवळ धरली. "निरीक्षणाखाली म्हंजे?"

मी म्हटलं, "शंभरातले शहाऐंशी शिल्लक असलेला डबा फेकणं शास्त्रीय नाही. परीक्षेत शहाऐंशी मिळवणाऱ्याला कुणी नापास करतं का?"

"तुला किती मिळालं हुतं?"

हा प्रश्न गैरलागू होता. मी आवाज चढवला. मिस्त्रींचा आवाज चढत नाही. ते फक्त विडी विझवतात.

"हे बघ नरसू. चिमणाबाईची गिरणी सालभर जोरात न्हाय चालत. पाडव्यापास्नं दोन म्हैनं. बाया वर्साची चटणी एकदाच करत्यात, आणि औंदा ज्या गिरणीवर गेल्या, फुडल्या साली बी तिथंच जात्यात. पल्याडच्या गल्लीत डिझेल इंजनाची नवी गिरणी झालीया. ऐन हंगामात ही मोटार आठ दिस बसली, तर चिमणाबाईनं काय करायचं? मुसळ घिऊन दारात बसायचं?"

"बसणार नाही. माझं लक्ष आहे."

"लक्ष हायच की." मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. "त्या मापाचा एकच डबा कपाटात हाय. बाकीचं मुंबैस्नं यायला तीन आठवडं. तू शिकलेला हाईस, तूच ठरीव. पर ठरीव."

ठरवलंय. आलेख काढायचा.

१२ मार्च

दुसरं निरीक्षण, दुपारी चार. शहाऐंशीच. चौकटीच्या कागदावर दोन टिंबं मांडली, मधून रेघ काढली. इतकी सरळ रेघ कॉलेजात कधी आली नव्हती.

विमलानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "हे ऊं करतं ते किती वेळ करू द्यायचं?"

"तुम्ही काळजी करू नका," मी म्हटलं.

"काळजी नाही, आकडा विचारतेय."

आकडा सांगितला. मनात तीन म्हणेपर्यंत ठीक, पाचच्या वर वाईट. तिनं मान हलवली आणि आत गेली. आवाज गोड नाही तिचा. वर्गातल्या पोरांना गप्प करणारा आहे. पण मला तोच ऐकू येत राहतो.

१६ मार्च

पंचाऐंशी. आलेख किंचित उतरला. आजचा दिवस मात्र सोन्याचा.

मी मीटर गुंडाळत होतो. ती म्हणाली, "बदलायचा कधी?"

"आकडे सांगतील तेव्हा."

"सकाळी आणि दिवे लागल्यावर फार वेळ ऊं करते. तुम्ही एकदा संध्याकाळी या ना. सातच्या सुमाराला."

संध्याकाळी. सातच्या सुमाराला. मोटारीचं निमित्त किती सफाईनं पुढं केलं. मुली आपल्याला वाटतात त्यापेक्षा धीट असतात.

१८ मार्च

आईकडून शर्टाला इस्त्री करून घेतली. सातला पाच कमी असताना गल्लीच्या तोंडाशी होतो. गिरणीच्या दारात पाट्या घेऊन दहा-बारा बायका, आत दिवा लागलेला, आणि उंबऱ्यात विमला, रस्त्याकडं डोळे लावून.

पाय पुढं जाईनात. पाट्यांमागून चोवीस डोळे. एका तरुणानं दिवेलागणीला इस्त्रीच्या शर्टात यायचं, तिनं उंबऱ्यात उभं राहायचं. उद्या गल्लीभर झालं असतं. प्रश्न माझा नव्हता, तिच्या नावाचा होता. तसाच वळलो. रंकाळ्यावर दोन तास बसून राहिलो. आपण मोठ्या मनानं माघार घेतली, याचं समाधान आहे.

२१ मार्च

दुपारी चार. चौऱ्याऐंशी.

"आला नाहीत," विमला म्हणाली.

"आलो होतो. गल्लीच्या तोंडापर्यंत."

"मग?"

"बरं दिसलं नसतं."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मोटार बघायला बरं दिसायचं काय असतं?"

मनातलं लपवायची कला तिच्याकडून शिकावी.

२५ मार्च, पाडवा

अप्पा आईला म्हणाले, "त्याला सांग, गुढीची काठी सुतळीनं बांध, तारेनं नको." मी तारेनंच बांधली. सरळ उभी राहिली. अप्पांनी बघितलं आणि आईला काहीच सांगितलं नाही.

आजपासून हंगाम.

२९ मार्च

एक्क्याऐंशी.

हंगाम भरात आहे. गिरणीबाहेर पोती, सुपं, पाट्या. गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना शिंका. लोखंडी मुसळं एकामागून एक आपटतात, त्यात बायकांचं बोलणं. कुणी म्हणते ब्याडगी जास्त पडली, कुणी म्हणते मीठ कमी. मी पाऊण तास बाजूला उभा. मोटार थांबल्याशिवाय मोजता येत नाही.

चिमणाबाई हातातलं सूप न थांबवता म्हणाल्या, "आरं मास्तरांच्या पोरा, एकदा बदलून टाक की त्यो डबा. आल्यापास्नं नुसता मोजायलाईस. ताप मोजून कुटं उतरतोय?"

"एक्क्याऐंशी आहे काकी. मर्यादा ऐंशीची."

"मर्यादा कुणाची? मोटारीची का तुझी?"

बायका हसल्या. मीही हसलो. पण इथं खरं लिहितो, मला ते लागलं. हंगामाचा नियम मी पाडव्याआधीच मोडला आहे. आज पाना हातात घेतला होता. पिशवीत तो नवा डबाही नेला होता. बदलायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांनी मी मोकळा, आणि मोकळा म्हणजे मे महिन्यापर्यंत मंगळवार पेठेत काही काम नाही. डबा तसाच परत आणून कपाटात ठेवला.

विमलाच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली. तळव्यावर आडवी. तव्याचा चटका असणार. विचारलं तर म्हणाली, "स्वयंपाक आत्ती करते."

म्हणजे आत्तीला त्रास नको म्हणून ही गुपचूप भाकऱ्या थापते, आणि सांगत नाही. घरी आल्यावर कविता करायला बसलो. 'तवा'ला 'हवा' जुळलं. तिसऱ्या ओळीत 'कवा' आलं, तिथं सोडून दिली.

४ एप्रिल, सोमवार

आज संध्याकाळी सात वाजता मंगळवार पेठेतून सहज जात होतो. सहज याचा अर्थ समोरच्या पानाच्या दुकानात अर्धा तास.

सातला एक पैलवान आला. मान नाहीच, डोकं सरळ खांद्यांवर ठेवलेलं. बायकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. विमला उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "या बाळासोदादा, तुमचीच वाट बघत होतो." दादा म्हणाली खरी, पण चारचौघांत म्हणायची रीतच असते.

त्यानं बाह्या वर सारल्या. आत गेला. क्षणभरानं मुसळं सुरू झाली, बायकांनी "झालं, झालं" केलं. तो हात पुसत बाहेर आला. चिमणाबाईंनी त्याला दुधाचा तांब्या दिला. दुधाचा. महिन्यात पाच वेळा गेलो, मला पाणीच मिळालं.

तो दूध पितोय आणि विमला हसून काहीतरी सांगतेय. त्या चिंधीच्या हातानं पदर सावरत.

पान न खाताच परत आलो. संध्याकाळी सातला ये म्हणाली होती. मी गेलो नाही, तो गेला. इतकी साधी गोष्ट आहे.

५ एप्रिल

उद्यापासून मिस्त्री जोतिबाला. चैत्राची यात्रा त्यांनी अठरा वर्षांत चुकवलेली नाही. जाताना म्हणाले, "नरसू, एका मोटारीवर पाच खेपा झाल्या तुझ्या. ह्या खेपंत तुझा आलेख पुरा झाला असंल. मी डोंगरावर जाऊन येस्तवर त्यो डबा बसीव."

"हो," म्हटलं.

नोंदवहीत लिहिलं, 'निरीक्षण स्थगित.' बसवू दे त्या पैलवानाला.

८ एप्रिल, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

साडेसहाला कारखान्याच्या दारात सायकल आडवी करून तोच उभा. बाळासो. मी हातोडी खाली ठेवली नाही.

"पावणं, मिस्त्री हायत का?"

"जोतिबाला गेलेत. काय काम?"

"मग तुमीच चला. चिमणाकाकीची मोटार आता माझ्या बी बाच्यानं फिरंना."

"तुमच्या म्हणजे? तुम्ही कोण फिरवणार?"

त्यानं माझ्याकडं, मी विचित्र प्रश्न विचारल्यासारखं बघितलं. "रोज मीच फिरवतोय न्हवं. धा दिस झालं. दिवं लागलं की मोटार नुसती ऊं करती. मग काकीनं बटण दाबायचं आणि मी पट्टा वडायचा. एकदा फिरली की चालती. आदी इमल वडायची, पट्ट्यानं तिचा हात सोलला. मग काकीनं मला सांगितलं. दुधावर."

मी उभा होतो तो स्टुलावर बसलो. चिंधी आडवी होती. तळव्यावर आडवी. तव्याचा चटका बोटांना बसतो.

कपाट उघडलं, डबा घेतला, मीटर, पाना. बाळासोनं मला सायकलीवर मागं घेतलं. वाटेत विचारलंच, "विमलाबाई तुमच्या कोण?"

"कोन न्हाय. त्यांच्या माघारी आमची तालीम. कोन कशाला पायजे? बायमाणसाचा हात सोलतोय म्हटल्यावर."

चढाला तो उतरलासुद्धा नाही, मला घेऊन तसाच रेटत गेला.

गिरणीत चौदा बायका. मोटारीला हात लावला आणि काढून घेतला. तव्यासारखी तापलेली, आणि आतून करपलेल्या वार्निशाचा वास. जुना डबा काढला, नवा बसवला. दहा मिनिटं लागली. दहाच.

चिमणाबाई बटणापाशी हात नेऊन उभ्या. "दाबू?"

दाबून मोकळं व्हावं असं फार वाटत होतं. "नाही," मी म्हटलं. "अर्धा तास थंड होऊ दे. आत्ता दाबलं तर तार जाईल, मग हंगामच गेला."

"अर्धा तास?" एक आक्का म्हणाल्या. "माझं आणि दोन पायल्या हाय. सकाळपास्नं बसलोय." त्यांनी पाटी उचलली. त्यांच्यामागून चौघी उठल्या. पाचही जणी पलीकडच्या गल्लीकडं वळल्या. डिझेलचं धडधड इथवर ऐकू येत होतं. चिमणाबाईंनी कुणाला थांबवलं नाही. नुसत्या पाठमोऱ्या पाट्या बघत राहिल्या.

मी मोटारीजवळ उकिडवा बसून होतो. विमलानं शाळेची एक वही माझ्यापुढं उघडली. दोन रकाने, सकाळ आणि संध्याकाळ. बटण दाबल्यापासून मोटार फिरेपर्यंत तिनं मनात मोजलेले अंक. बारा मार्चपासून एकही दिवस चुकलेला नाही. सकाळचे चार, पाच, सहा. संध्याकाळचे सात, नऊ, अकरा. मग अंक नाहीत, 'मी'. सहा दिवस 'मी'. मग 'बाळासोदादा'.

"तुमच्या आलेखात संध्याकाळ नाही," ती म्हणाली. "दिवे लागले की पेठेत वीज मंद होते. बल्ब तांबडे दिसतात. पहिल्याच आठवड्यात कळलं मला. चार वाजता वीज भरपूर, बाहेर ऊन, मोटार खुशीत. तुम्ही नेमके चारलाच येता. का?"

कॉलेजात प्रोफेसरांची चूक मी उभं राहून दाखवली होती. इथं उकिडवाच राहून मोटारीला पुन्हा हात लावून बघितला. तिनं वही मिटली आणि ती आत गेली.

अर्ध्या तासानं चिमणाबाईंनी बटण दाबलं. मनात एक म्हणायच्या आत मोटार फिरली. उरलेल्या नऊ जणींनी पाट्या पुढं सारल्या. बाळासो म्हणाला, "गेलं माझं दूध."

९ एप्रिल

नोंदवहीत काहीही लिहिता आलं असतं. 'अचानक निकामी, तातडीनं बदलला.' मिस्त्री डोंगरावर होते, कुणाला कळलं नसतं. अर्धं वाक्य लिहून खोडलं. मग लिहिलं, 'कंडेन्सर महिनाभर अशक्त. कारागिरानं मुद्दाम ठेवला.'

मिस्त्री दुपारी आले, कानांत अजून गुलाल. वाचलं. "मुद्दाम कशापायी?"

सांगितलं. चार वाजता कोण घरी येतं ते सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"हे मला सांगून भागत न्हाय. जिची गिरणी हाय तिला सांग. चल."

सांगायला गेलो तेव्हा तिथं सहा बायका, आणि शाळा सुटून आलेली विमला. मिस्त्री माझ्यामागं भिंतीसारखे उभे. मी सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य फार हळू झालं, चिमणाबाईंनी मोटार बंद करून पुन्हा म्हणायला लावलं.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "रोग मोटारीला न्हवताच."

"मोटारीलाही होता," मी म्हटलं. एवढंच अंगात उरलं होतं.

सहाही जणी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. चिमणाबाई हसल्या नाहीत. "माझ्या पोरीचा हात पट्ट्यात गेला असता म्हंजे? मग तुझ्या त्या कागदाची काय चटणी करू मी? पाच घरं गेली काल. पाच. ती काय उद्या येत न्हाईत, फुडल्या साली बी येत न्हाईत."

विमला सूप घेऊन आत गेली. माझ्याकडं बघितलं की नाही, ते मला माहीत नाही. मी जमिनीकडं बघत होतो.

परतताना मिस्त्री म्हणाले, "फुडल्या म्हैन्यापास्नं हितं आकाराम यील. तू न्हाय." थोडं चालून गेल्यावर, "बाकीची बावीस ठिकाणं तू एकदा दिवं लागल्यावर फिर. त्या पोरीनं शिकवलंय ते वाया नगं जायला."

१५ एप्रिल

सहा दिवसांत बावीस ठिकाणं. चार वाजता सगळ्या मोटारी तरुण असतात. संध्याकाळी तिघींनी ऊं केलं: बेकरी, एक छापखाना, शाहूपुरीतली पिठाची गिरणी. मुंबईहून आलेले तीन डबे लगेच बसवले. मिस्त्रींनी नियमात एक ओळ वाढवली आणि नोंदवहीला खरंच सहावा रकाना आखून घेतला, 'संध्याकाळी'. भलत्याच कामाला.

मंगळवार पेठेत गेलो नाही.

१८ एप्रिल

गेलेल्या पाच घरांचे पत्ते बाळासोकडून घेतले. प्रत्येक दारात जाऊन सांगितलं की मोटार चांगली होती, चूक माझी होती. दोघींनी दार लावलं. त्या दोन पायल्यांच्या आक्का म्हणाल्या, "डिझेलवर केलेल्या चटणीला रॉकेलचा वास येतोय. पर येतोय म्हणून काय टाकून देऊ?" बयाबाई नावाच्या एक आजी म्हणाल्या, "अजून नणंदंची चटणी ऱ्हायलीया, तिला सांगते." एकीनं मला आत बसवून सगळी हकीकत दोनदा ऐकली, शेजारणीला बोलावून तिसऱ्यांदा सांगायला लावली, आणि येते म्हणाली नाही.

घरी येऊन आईला विचारलं, "आपली चटणी कुठं करतेस?"

"यंदा डिझेलवर करीन म्हणते. नवी आहे ना."

"चिमणाबाईंकडं कर. तिथली मोटार चांगली आहे."

"तुला काय ठाऊक?"

"मी मोजली आहे."

आईनं हातातलं निवडण खाली ठेवलं. "मग मिरच्या तूच घेऊन जा," म्हणाली. आतल्या खोलीतून अप्पा खाकरले. बोलले नाहीत, पण माझ्याच दिशेनं खाकरले.

२४ एप्रिल, रविवार

मीटर नाही, पाना नाही. डोक्यावर मिरच्यांचं पोतं. मंगळवार पेठेत ओळखीच्या पानवाल्यानं विचारलं, "आज मोजायला न्हाय?" म्हटलं, "कांडायला."

रांगेत बसलो. माझ्यापुढं नऊ जणी. बयाबाईंची नणंद होती, ते बघून बरं वाटलं. मोटार बंद-चालू होत होती. मी मोजत नव्हतो, तरी कानाला कळत होतं. एक म्हणायच्या आत.

पाळी आली. चिमणाबाईंनी पोत्यात हात घातला, मूठभर मिरच्या वर काढल्या, उजेडात धरल्या. "धनं किती घालायचं?"

"माहीत नाही."

"मीठ आता का मागनं?"

"माहीत नाही."

"भाजल्यात न्हवं?"

"आईनं उन्हात घातल्या होत्या."

"आणि ही देठं कुणी खुडायची? माझ्या मोटारीनं?" त्यांनी मिरच्या परत पोत्यात टाकल्या. "घरातली बाई असती तर हितवर आलीच न्हसती असली मिरची. ने परत. न्हाईतर बस कट्ट्यावर आणि खूड. पाळी गेली तुझी, शेवटाला घिन."

कट्ट्यावर बसलो. पोतं चांगलं मोठं आहे आमचं. आई पाहुण्यांनाही देते. पहिल्या वीस मिरच्यांत कळलं की हे बोटांचं काम आहे आणि बोटं माझी नाहीत. चाळीसाव्या मिरचीला डोळा चोळला. तो चोळायचा नव्हता. एक बाई म्हणाली, "आता दुसरा बी चोळा, म्हंजे सारखं हुतील." बाकीच्या हसल्या, पण पाट्या सरकवून मला सावलीत जागा केली.

उन्हं कलली तेव्हा कुणीतरी माझ्यापुढं ओलं फडकं टाकलं. डोळे पुसून बघितलं तर विमला. मी मिरच्या ओतून घेतलेल्या सुपाच्या पलीकडच्या बाजूला बसली. तळव्यावर चिंधी नव्हती, गुलाबी आडवा पट्टा होता.

"अंगठ्यानं नाही," ती म्हणाली. "दोन बोटांत धरा, पिळा, सोडा."

दाखवलं. मी केलं. देठ तुटलं नाही. पुन्हा दाखवलं.

बोलायचं ठरवून आलो होतो. दारोदार फिरताना, आज पोतं घेऊन येताना, वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच निघालं. "मी चारला का यायचो ते तुम्ही विचारलं होतं."

"ऐकलं मी. सहा बायकांसमोर सांगितलंत."

"ते मिस्त्रींनी नेलं म्हणून. आज मी आपण होऊन आलोय."

ती मिरच्या खुडत राहिली. तिच्या हाताला इतका वेग आहे की माझ्या एका देठामागं तिची सहा. "पुन्हा कुठली मोटार अशी ठेवाल?"

"नाही."

"कुणासाठीसुद्धा?"

"नाही."

"हं," म्हणाली. त्या हं चा अर्थ मी लावलेला नाही. अर्थ लावायची सवय मी गेल्या पंधरवड्यात मोडतो आहे.

आतून चिमणाबाईंनी हाक मारली, "इमले, चाळणीला कोन न्हाय हितं."

"एवढं सूप होऊ दे आत्ती."

खुडत बसलो. शाळेतल्या पोरींचं सांगितलं तिनं. एकीनं पाढ्यांच्या वहीत मोटारीचं चित्र काढलंय, खाली लिहिलंय ऊं. मी हसलो आणि तिखटानं ठसका लागला. तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

"इमले, ऐकाय येतंय का न्हाय?"

"आलेच आत्ती. एवढं सूप."

सूप केव्हाच झालं होतं. मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. तिनं पोत्याचं तोंड आपल्याकडं ओढलं आणि दोन्ही हातांनी सूप पुन्हा काठोकाठ भरलं.